कांदूमास की महाराणी

“नावातच कांदा अन् मास,” राजाभाऊ आस्टनकर म्हणाले, “आणि तुम्ही म्हणून राहिले, विचार करा. काय विचार करायचा, भाऊ? घरी नुसतं नाव सांगितलं तर माझी आई अन्न सोडेल.”

“कांदू म्हणजे कांदा नाही जी,” लांजेवार म्हणाले. “तिकडच्या भाषेत कांदू म्हणजे समुद्र. मी विचारून घेतलं.”

“अन् मास?”

लांजेवारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मास म्हणजे मासा.”

“घ्या!” राजाभाऊंनी दोन्ही हात वर केले. “वरतून कबूल करून राहिले.”

धरमपेठेतल्या डॉक्टर ठेंगडींच्या दातांच्या दवाखान्यात रविवारी सकाळी आमची ही पाचवी सभा चालली होती. विषय पहिल्या सभेपासून एकच: मालदीवला कोणत्या बोटीने जायचं. अध्यक्ष ठेंगडी पेशंटच्या खुर्चीत बसले होते, कारण दवाखान्यात तीच एक खुर्ची उंच होत होती. मुद्दा महत्त्वाचा असला की ते हाताशी असलेलं बटण दाबत आणि आणखी वीतभर वर जात. आम्ही बाकीचे चौघं खाली, पेशंटांच्या बाकावर.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते, शाळेत भूगोल शिकवत होते, आणि अक्षर चांगलं म्हणून नागपूर सागरतळ मंडळाची सचिव होते. नागपुरापासून समुद्र कुठल्याही बाजूने पाचशे किलोमीटरच्या आत नाही, हे मी वर्गात दरवर्षी नकाशावर दाखवत असे. तरी मंडळ होतं, मंडळाचा शिक्का होता, आणि लेटरहेडवर एक ऑक्टोपस होता, ज्याला छापखान्यातल्या चित्रकाराने जागेअभावी सातच पाय काढले होते.

झालं होतं असं की अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरणारे आम्ही पाचजण जानेवारीत कोकणात गेलो आणि तिथे चार दिवसांचा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला. पाचही जण पास झालो. परतीच्या प्रवासात अकोला यायच्या आत ठेंगडींनी मंडळ स्थापन केलं, आणि बडनेऱ्याला स्वतःला अध्यक्ष नेमलं. तेव्हाच ठरलं की पुढची पायरी मालदीव. तिथे अशा बोटी असतात की आठ दिवस बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, आणि रोज दोन-तीनदा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं.

बोटी शेकडो होत्या. चार सभांमध्ये त्या गाळत गाळत दोनच उरल्या होत्या. गाळण्याचं काम माझ्या नवऱ्याने, मुकुंदांनी केलं होतं. ते बँकेत सीनियर मॅनेजर. त्यांनी कॉम्प्युटरवर एक तक्ता केला होता, त्यात त्रेचाळीस रकाने. उशांची संख्या, बाथरूममधल्या पाण्याचा दाब, चहा दुधाचा की पुडीचा, सगळ्याला दहापैकी गुण. तो तक्ता ठेंगडींच्या दवाखान्याच्या भिंतीवर प्रोजेक्टरने पडे. मागे किडलेल्या दाढेचं मोठं चित्र होतं, त्यामुळे तेविसावा रकाना, ‘स्वयंपाकघराची स्वच्छता’, नेहमी त्या दाढेवर यायचा.

पहिली बोट ‘ओशन महाराणी’. पांढरीशुभ्र, चार मजली, जेवणघरात झुंबर, गच्चीवर गरम पाण्याचा हौद, आणि प्रत्येक पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हंस.

दुसरी ‘कांदूमास’. लाकडी, ठेंगणी, कठड्यावर डायव्हिंगचे काळे पोशाख चाळीच्या गॅलरीसारखे वाळत घातलेले. तिच्या वेबसाइटवर फोटो तीन आणि सूचना अठ्ठावीस. काय आणायचं, काय आणायचं नाही, नवशिक्यांनी कोणत्या आठवड्यात यायचं. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात: फिजिशियनकडून तपासून घेतलेला, तीन महिन्यांच्या आतला वैद्यकीय दाखला. तो नसेल तर पाण्यात उतरता येणार नाही.

“त्याचं एवढं काय,” ठेंगडी दुसऱ्या सभेत म्हणाले होते. “मी डॉक्टर आहे. पाचही दाखले मीच देतो.” त्यांनी लगेच दिले आणि मी ते मेलने पाठवून दिले. कांदूमासचे मॅनेजर, कुणी शरीफ म्हणून होते, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘दंतवैद्यांचा दाखला आम्ही दातांपुरता मानतो.’

त्या दिवसापासून ठेंगडींना कांदूमासमध्ये दोष दिसायला लागले. “जिने किती उभे आहेत बघितलेत? अशा जिन्यांवरून माणूस पडतो. उद्धट लोकांच्या बोटीत जिनेसुद्धा तसेच असायचे.”

राजाभाऊंची सीताबर्डीला संत्रा बर्फीची तीन पिढ्यांची पेढी. त्यांचा आक्षेप जेवणावर. “ते तळतात कशात, हे एकदा तरी सांगितलं त्यांनी? महाराणीवाले फोनवर म्हणाले, साहेब, तुम्ही म्हणाल त्या तेलात तळू.”

मुकुंदांचा आक्षेप बाथरूमला. तीन केबिनना मिळून दोन, हे त्यांच्या मते पुरेसं नव्हतं.

आणि मी? मी म्हणाले होते की कांदूमासच्या केबिनच्या खिडक्या फार लहान आहेत. खरं सांगायचं तर मी त्या खिडक्या पाहिल्याच नव्हत्या.

कांदूमासच्या बाजूने एकटे लांजेवार. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, एकसष्ट वर्षांचे, अंगाने काटकुळे. कोकणात आम्ही चौघांनी पाण्याखाली जाऊन आल्यावर तासभर बोलून घेतलं होतं. हे एकटे काही न बोलता वाळूत बसून भाकरी खात होते. त्यांनी आपला दाखला सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एका फिजिशियनकडून रांगेत उभं राहून केव्हाच आणला होता.

“मला दोनच गोष्टी पुसायच्या आहेत,” ते त्या रविवारी म्हणाले. “खालच्या मजल्यावर केबिना आहेत. आग लागली तर जिन्याशिवाय दुसरा रस्ता कोणता? अन् कोणाला पाण्याखाली त्रास झाला तर द्यायला ऑक्सिजन किती?”

“लगेच विचारू,” ठेंगडी म्हणाले, आणि खुर्ची वीतभर वर घेऊन त्यांनी महाराणीच्या मुंबईतल्या एजंटला फोन लावला. फोन स्पीकरवर.

“सर, बोला सर!” पलीकडून एक अतिशय आनंदी आवाज आला.

लांजेवारांनी पहिला प्रश्न विचारला.

“सर, आग वगैरे आपल्या बोटीला लागत नाही सर. फाइव्ह स्टार आहे.”

“बरं. अन् ऑक्सिजन किती असते?”

“सर, ऑक्सिजनची काळजीच नको. डेक पूर्ण ओपन आहे. चारी बाजूंनी नुसता ऑक्सिजन!”

लांजेवार माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत लिहिलं: ‘ऑक्सिजनबाबत समाधानकारक उत्तर मिळाले.’ सचिवाला सभेचा कल पाहून लिहावं लागतं.

“आणि दाखला?” मुकुंदांनी विचारलं. सहज, पेन फिरवत.

“काहीच नको सर. पूर्ण नाव आणि टीशर्टचा साइज द्या फक्त.”

मुकुंदांनी एक्केचाळिसाव्या रकान्यात, ‘कागदपत्रांचा त्रास’, महाराणीला दहापैकी दहा दिले. ठेंगडी म्हणाले, याला म्हणतात पाहुणचार. मत घेतलं. तीन महाराणीला, एक कांदूमासला. मी सचिव म्हणून शेवटी मत देणार होते, पण ठेंगडींना निर्णय एकमताने हवा होता. पहिलीच आंतरराष्ट्रीय मोहीम, इतिहासात एकमत दिसलं पाहिजे. लांजेवारांना विचार करायला आठ दिवस दिले.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये मंडळाची मेल उघडली. मंडळाचा पत्ता एकच होता आणि पासवर्ड पाचही जणांना माहीत होता: संत्रा एकदोनतीन. शरीफ यांचं पत्र आलेलं होतं. या वेळी लांबलचक. साधं, सरळ इंग्रजी. मराठीत सांगायचं तर असं:

‘प्रिय महोदय, गेल्या दहा दिवसांत तुमची चार पत्रं मिळाली. चारही खासगी आहेत आणि कुणाला सांगू नका असं तुम्ही प्रत्येकात लिहिलं आहे, म्हणून फक्त तुम्हालाच लिहितो. तुम्हाला ब्लडप्रेशर असून रोज दोन गोळ्या चालू आहेत आणि तरीही ते वर जातं, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, त्यात कापूस घालून डायव्हिंग करता येईल का असं विचारलंत. येणार नाही. तुमच्या हृदयाच्या स्ट्रेस टेस्टचा अहवाल चांगला आलेला नाही आणि पुढची तपासणी न करता तो तुम्ही चार महिने कपाटात ठेवला आहे. शिवाय तुम्हाला पाण्याखाली गेल्यावर श्वास कोंडल्यासारखं होतं, कोकणात शिक्षकांनी धरलं नसतं तर तुम्ही ओरडत वर पळाला असता, आणि तेव्हापासून आंघोळीला डोक्यावर तांब्या घेतानाही भीती वाटते. महोदय, माझं मत विचाराल तर तुम्ही डायव्हिंग करू नये. तुम्ही घरी विश्रांती घ्यावी. बोटीचा धंदा मी एकोणीस वर्षं करतो आहे, पण एका माणसाला एवढं सगळं झालेलं पाहिलं नाही.’

मी हसले. एकटीच, मोठ्याने. सातवी-ब मधली दोन मुलं दारातून डोकावून गेली.

चौथं पत्र माझं होतं, बिननावाचं. लिहून झाल्यावर पाठवलेल्या पत्रांतून मी ते पुसून टाकलं होतं. म्हणजे उरलेल्या तिघांनीही तसंच केलं होतं. बाकी बोटीचे जिने, तळणाचं तेल, खिडक्या... पाच सभा, त्रेचाळीस रकाने. मला हसू आवरेना.

मग मी ते पत्र परत वाचलं आणि हृदयाच्या वाक्यापाशी हसू थांबलं.

ब्लडप्रेशर राजाभाऊंचं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तीन पिढ्या बर्फीत गेलेला माणूस. कान लांजेवारांचा, आयुष्यभर गाडीची शिट्टी ऐकलेला. आणि हृदय ठेंगडींचं. ते तलावाच्या एका फेरीत दोनदा थांबायचे आणि ‘तो बघा खंड्या’ असं म्हणून श्वास घ्यायचे. तिथे खंड्याच काय, कुठलाच पक्षी नसायचा. मुकुंद? मुकुंदांना तर साधी सर्दी झाली तरी ते दोन दिवस घर डोक्यावर घेत. त्यांनी काही लपवलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी मुकुंद तक्त्याला चव्वेचाळिसावा रकाना जोडत बसले होते.

“कांदूमासवाल्यांचं पत्र आलंय,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. “काय म्हणतात?”

“नेहमीचंच. नियम.”

“अगं, सोड ना मग. महाराणी ठरल्यातच जमा आहे. कशाला नवीन घोळ?”

मलाही तेच हवं होतं. पत्र वाचून दाखवलं तर माझंही बिंग फुटणार होतं. सगळ्यांसमोर मी पाच महिने समुद्राखालच्या माशांची वर्णनं केली होती, आणि खरं म्हणजे मला तिथे शिक्षकांच्या पायातल्या निळ्या रबरी फिनशिवाय काहीही दिसलं नव्हतं. मी ते पत्र पुसून टाकायचं ठरवलं. बुधवारी ठरवलं, गुरुवारी ठरवलं. शुक्रवारी सकाळी फिरताना ठेंगडी तलावाच्या बांधावर थांबले, म्हणाले, “तो बघा खंड्या,” आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. खिशातलं पेन नीट करत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: चार मजली पांढरी बोट, पलंगावर हंस, आणि पाण्याखाली वीस मीटरवर हा माणूस. त्या बोटीला त्याचा टीशर्टचा साइज तेवढा माहीत.

रविवारी सभा सुरू झाली. ठेंगडी खुर्चीत होते. राजाभाऊंनी बर्फी आणली होती, कारण एकमत होणारच होतं. मुकुंदांनी तक्ता भिंतीवर पाडला.

“लांजेवार, बोला,” ठेंगडी म्हणाले. “मंडळाच्या हितासाठी आता काय ते एकदा.”

“माझं तेच आहे जी. पण तुमचं सगळ्यांचं मन असेल तर मी आड येत नाही. मी या वर्षी येत नाही, एवढंच.”

“म्हणजे एकमत!” राजाभाऊंनी बर्फीचं झाकण उघडलं.

“एक पत्र आलंय,” मी म्हणाले. “ते आधी वाचते.”

मी उभी राहून वाचायला लागले. वर्गात वाचते तसं, ठणठणीत. ‘तुम्हाला ब्लडप्रेशर असून रोज दोन गोळ्या’ इथपर्यंत आल्यावर खुर्चीचं बटण दाबल्याचा आवाज झाला. कानाच्या भोकापाशी राजाभाऊंचा हात बर्फीवर थांबला. पुढची वाक्यंही मी वाचली, माझंसुद्धा, तांब्यासकट. नुसता प्रोजेक्टरचा पंखा घोंघावत होता.

“कोणीतरी खोडसाळपणा केलाय,” ठेंगडी म्हणाले. “आपला पासवर्ड फुटला आहे. सचिव, नोंद करा.”

“शेवटचं पत्र माझं आहे,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मला भीती वाटते. खूप. मी कुठलीच बोट बघितलेली नाही. कांदूमासवाले विचारतील म्हणून मी महाराणी म्हणत होते. आता हे चौघांत... चार पत्रं आहेत, एक माझं. मला बाकीचं काही नको. हृदय कोणाचं, तेवढं सांगा.”

मी हे ठेंगडींकडे बघून विचारलं. हळूच विचारायचं ठरवलं होतं, पण वर्गातला आवाज लागला.

“माझ्याकडे काय बघता?” ठेंगडी म्हणाले. मग त्यांची खुर्ची हळूहळू खाली यायला लागली. पुरती खाली आल्यावर ते म्हणाले, “माझं बीपी आहे. सोळा वर्षं झाली. आता पेशंटांना कळलं तर... दाढ काढताना लोक डॉक्टरचा हात बघतात हो.”

“कान माझा आहे,” राजाभाऊ म्हणाले. “लहानपणी पतंगाची काडी गेली होती. ऐकायला येते सगळं. पण पाण्यात दुखते. लय दुखते. कोकणात मी रात्रभर रडलो, कोणाला नाही सांगितलं.” आणि एकदम उसळून म्हणाले, “पण हार्ट माझं नाही! आईशप्पथ. माझं हार्ट एकदम फर्स्ट क्लास आहे.”

मी लांजेवारांकडे वळले. त्यांनी मान हलवली. “मी पत्रच लिहिलं नाही बाई. माझा तर दाखला केव्हाचा गेला.”

ठेंगडी, राजाभाऊ, मी. लांजेवार नाहीत.

भूगोलाच्या बाईला एवढी वजाबाकी यायला वेळ लागू नये. मला लागला. मी अजून ठेंगडींकडेच बघत होते. बघितलं आधी राजाभाऊंनी, मग लांजेवारांनी. मग मी.

मुकुंद भिंतीकडे तोंड करून उभे होते, तक्त्यासमोर. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर रकान्यांच्या रेघा उमटल्या होत्या.

“अहो,” मी म्हणाले.

“तसं फार काही नाही,” ते भिंतीकडेच बघत म्हणाले. “बँकेच्या तपासणीत निघालं. फेब्रुवारीत. अँजिओग्राफी करा म्हणाले. मी म्हटलं, मालदीवहून आलो की करू.”

राजाभाऊंनी उठून त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि बर्फीचा डबा त्यांच्यापुढे केला. मग काय करतोय ते लक्षात येऊन मागे घेतला.

“सभा तहकूब,” ठेंगडी म्हणाले.

गाडी मी चालवली. एरवी मुकुंद मला चालवू देत नसत. त्या दिवशी गुपचूप शेजारी बसले.

“आज रविवार आहे,” ते म्हणाले. “कोणी भेटायचं नाही.”

“इमर्जन्सीत बसू.”

“मला काही होत नाहीये, वासंती.”

“मग मजेत बसू.”

शंकरनगर चौकातला सिग्नल लाल होता.

“तुला एवढी भीती वाटत होती, तर मला सांगायचं नाहीस?” ते म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत?”

सिग्नल सुटला. ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. “तिथे खाली ना, बारा मिनिटं होतो मी. आवाज नाही. फोन नाही. कोणी सही मागत नाही, कोणी साहेब म्हणत नाही. बत्तीस वर्षांत अशी बारा मिनिटं मिळाली नव्हती. अहवाल दाखवला असता तर पुन्हा मिळाली नसती. एवढंच. बाकी त्या महाराणीचं मला काही नव्हतं.”

मी गाडी हॉस्पिटलच्या आवारात घेतली. चार महिने त्यांच्या त्या तक्त्याची मी मैत्रिणींत टिंगल केली होती.

अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळा निघाला. शनिवारी बायपास झाला. डॉक्टर म्हणाले, मालदीवला गेला असता तर मला हा पेशंट मिळाला नसता. राजाभाऊ रोज येत आणि पेशंटला चालत नाही म्हणून नर्सना बर्फी वाटत. ठेंगडी सभेचं इतिवृत्त सहीला घेऊन आयसीयूच्या दारापर्यंत आले. त्यात लिहिलं होतं: ‘बोट निवडीचा विषय अपरिहार्य कारणाने पुढे ढकलण्यात आला.’ मी सही केली.

महाराणीचा एजंटही चिकाटीचा. त्याचा फोन आला, ऑफर आज संपते म्हणून. मी सांगितलं, आमच्यातल्या एकांचा नुकताच बायपास झाला आहे.

“काही प्रॉब्लेम नाही मॅडम,” तो म्हणाला. “सरांसाठी कमी तेलात बनवून देऊ.”

मंडळ काही मोडलं नाही. फक्त ठेंगडींनी गोळ्या बदलून घेतल्या आणि सकाळी थांबायचं झालं की आता ते सरळ “दम लागला” म्हणतात. राजाभाऊंच्या कानाचं ऑपरेशन झालं. मी मात्र पाण्यात परत गेले नाही. लोक अशा वेळी भीतीवर मात वगैरे करतात. मी नाही केली, आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. मुकुंदांना हृदयाच्या डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली, गळ्याइतक्या पाण्यात. टाकी लावून खाली जाणं कायमचं बंद.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लांजेवार एकटे जाऊन आले. कांदूमासने. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. नाक उन्हाने सोललेलं, हातात शरीफ यांनी पाठवलेली सुक्या खोबऱ्याची पुडी. मुकुंद तेव्हा नुकतेच जिना चढायला लागले होते. बैठकीत खिडकीजवळ बसून असायचे, बोलायचे कमी. मला वाटलं, आता बोटीबद्दल विचारतील. बाथरूम, उशा, पाण्याचा दाब. त्यांनी यातलं काहीही विचारलं नाही.

“लांजेवार, सगळ्यांत जास्त वेळ खाली किती होतात?”

“अठ्ठेचाळीस मिनिटं.”

लांजेवारांनी माझ्याकडे बघितलं, बोलू की नको अशा नजरेने. मी काही खूण करायच्या आत मुकुंदच म्हणाले, “सांगा. पहिल्या मिनिटापासून. काही गाळू नका.”

लांजेवारांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आयुष्यभर गार्डच्या डब्यातून प्रत्येक स्टेशनची वेळ मिनिटामिनिटाने लिहिलेला तो माणूस. “उडी मारली तेव्हा नऊ वाजून दहा झाले होते,” त्यांनी सुरुवात केली. “पहिलं मिनिट नुसता फेस. काही दिसत नाही. मग फेस वर जाते, अन् सगळा आवाज बंद.”

मुकुंदांनी डोळे मिटले.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅस अगदी बारीक केला.